कोंबडीच्या पिल्लांत आलेलं हे पिल्लू टर्कीचं आहे का? आणि असेल तर अंगणात कसं वाढवायचं?

चिवचिव अंगण

नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवीये. हॅचरीतून कोंबडीची पिल्लं आणली, अगदी कोवळी, आणि त्यात एक पिल्लू सरळसरळ वेगळं दिसतंय. बाकीच्यांपेक्षा उंच, मान लांब, पाय जाड आणि गुलाबीसर, डोकं वरून चपटं. अंगावरची लव पिवळट तपकिरी, पाठीवर आणि डोक्यावर गडद चट्टे. आणि मुख्य म्हणजे चोच संपून कपाळ सुरू होतं ना, बरोबर तिथे मांसाचा एक बारीकसा उंचवटा आहे. आधी वाटलं काहीतरी चिकटलंय म्हणून ओल्या कापसाने पुसून पाहिलं, पण तो अंगाचाच भाग आहे. आवाजही वेगळा, बाकीची चिवचिवतात आणि हे शीळ घातल्यासारखं लांब ओढून ओरडतं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणतं मोराचं, कुणी गिनी फाऊलचं, आणि सासरे म्हणतात टर्की. मुलगी तर त्याला हातातून खाली ठेवायला तयार नाही, नावही ठेवून झालं. विकायचं-कापायचं काही नाहीये, अंगणात पाळायचंय, शेवटपर्यंत. पण आज बघतेय तर बाकीची पिल्लं टकाटक दाणे टिपतायत आणि हे नुसतं उभं आहे, दाण्यांवर पाय देऊन उभं आहे पण खात नाही. पेटीत बल्ब लावलाय, खाली वर्तमानपत्र, कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य आहे. फोटो टाकलेत, सांगा प्लीज.

पंखपिसारा

ताई, फोटो बघितले, टर्कीच आहे, सासऱ्यांना सांगा बरोबर ओळखलंत. चोचीवरचा तो उंचवटा हीच खूण. त्याला स्नूड म्हणतात, अंड्यातून बाहेर येतानाच असतो, नरमादी दोघांनाही. कोंबडीच्या पिल्लाला तिथे तुऱ्याची बारीक दातेरी रेघ असते, ती चोचीपासून मागे डोक्यावर जाते. टर्कीला तुरा कधीच येत नाही, फक्त हा एक उंचवटा, जो पुढे वाढून चोचीवरून लोंबतो.

बाकीच्या शंका पण मिटवून टाकू. गिनी फाऊलच्या पिल्लाची चोच आणि पाय चांगले नारिंगी-लाल असतात, डोक्यावर ठळक लांब पट्टे, आणि पिल्लू आकाराने लहान असतं. मोराच्या पिल्लाला हा उंचवटा नसतो, आणि काही आठवड्यांतच डोक्यावर उभा तुरा दिसायला लागतो. अजून एक घोळ लोक करतात तो बिनपिसांच्या मानेच्या कोंबडीचा, ती मोठी झाली की लांबून टर्कीसारखी वाटते म्हणून. पण त्या कोंबडीची मान जन्मापासून उघडी असते, आणि टर्कीच्या पिल्लाच्या मानेवर आत्ता व्यवस्थित लव आहे, तुमच्या दुसऱ्या फोटोत दिसतेय. डोकं आणि मान उघडी पडायला, लाल-निळसर गाठी यायला अजून बराच काळ आहे.

लव पट्टेदार तपकिरी म्हणजे मोठेपणी ब्राँझ रंगाची निघेल असं वाटतं. पांढऱ्या टर्कीची पिल्लं सरसकट पिवळी असतात.

नर की मादी हे आत्ता कुणी नुसतं बघून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पिल्लू शेपटी पसरून फुगून दाखवेल, पण ते मादीही करते, अगदी लहानपणापासून. चार-पाच महिन्यांनी कळेल. ब्राँझमध्ये छातीच्या पिसांची टोकं बघायची, नराची काळी, मादीची फिकट पांढुरकी कड असलेली. नराचं डोकं जास्त उघडं आणि गाठीदार, स्नूड लांब. छातीतून घोड्याच्या केसासारखा झुपका येतो तो नराला, पण काही माद्यांनाही येतो, तेव्हा त्या एकट्या खुणेवर जाऊ नका. आणि हसू नका, पण शी बघूनही कळतं, मोठ्या नराची साधारण इंग्रजी जे अक्षरासारखी लांबट, मादीची गोल गुंडाळलेली.

खुराड्याची किल्ली

ओळख वगैरे नंतर बघा, आधी ते पिल्लू आज रात्रीच्या आत खायला लागलं पाहिजे!! टर्कीची पिल्लं खाणं शोधण्यात फार मंद असतात, समोर दाणे असून उपाशी मरतात, पहिल्या आठवड्यात दगावणाऱ्या पिल्लांत अशी खूप असतात. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो तोवर दोन-तीन दिवस चालतं, म्हणून माणसाला वाटतं ठीक आहे, आणि तो संपला की पिल्लू एकदम बसतं.

आत्ता काय करा, कोमट पाणी घ्या, पिल्लाची चोच टोकापुरतीच अलगद बुडवा, नाकपुड्या बुडता कामा नयेत, आणि सोडा. ते मान वर करून गिळेल. परत करा. थोड्या थोड्या वेळाने करत राहा जोवर स्वतःहून पाण्याकडे जात नाही. पाण्याचं भांडं अगदी उथळ हवं आणि त्यात रंगीत काचेच्या गोट्या टाका, याचे दोन फायदे, एक म्हणजे चमकतं म्हणून पिल्लू तिकडे चोच मारतं आणि त्याला पाणी सापडतं, दुसरं म्हणजे ते पाण्यात पडून भिजत नाही. गोट्या मोठ्या घ्या, गिळता येतील अशा नको. भिजलेलं पिल्लू गार पडतं आणि गार पडलेलं खात नाही, मग सगळं चक्र उलटं फिरतं.

खाण्याचं म्हणाल तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून खाद्यावर भुरभुरवा, पिवळा रंग त्यांना दिसतो. बोटाने भांड्यात टकटक करा, चोच मारल्यासारखी. आई तेच करते. आणि तुमच्याकडे एक मोठी सोय आयतीच आहे, ती कोंबडीची पिल्लं. त्यांना बघून शिकेल. एखादं चपळ खादाड पिल्लू त्याच्या शेजारी ठेवा.

वर्तमानपत्र आत्ताच्या आत्ता काढा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. खाली खरखरीत कापड नाहीतर किचन टॉवेलचा जाड कागद टाका, चांगलं खायला लागलं की मग लाकडाचा जाडसर भुसा. पहिल्या दिवसांत भुसा नको कारण खाणं कोणतं आणि भुसा कोणता हे त्याला कळत नाही, भुशानेच पोट भरतं.

चिवचिव अंगण

बापरे, बरं झालं विचारलं. कागद काढला, खरबरीत टॉवेल घातला. चोच बुडवून पाणी पाजलं, पहिल्यांदा डोकं झटकलं मग प्यायलं. गोट्यांची युक्ती तर कमालच आहे, ठेवल्याबरोबर टकटक चोच मारायला गेलं! दाणे अजून नीट खात नाहीये पण बलकाला चोच लावली. मुलगी पेटीपाशी बसून बोटाने टकटक करतेय.

बल्बचं तापमान किती हवं? आणि खाद्य हेच चालेल का?

पंखपिसारा

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत २१च्या आसपास यायचं. सहा ते आठ आठवड्यांत पिसं भरतात, तोवर ऊब लागते. थर्मामीटर ठेवाच, पण खरं तापमान पिल्लू सांगतं. बल्बखाली एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील तर थंडी वाजतेय, लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर जास्त झालंय, आणि सगळीकडे पसरून निवांत झोपली असतील तर बरोबर. म्हणून बल्ब पेटीच्या एका टोकाला लावा, मधोमध नको, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येतं. वारा थेट येऊ देऊ नका. कोंबडीच्या पिल्लांना तुम्ही जेवढं देताय त्यापेक्षा टर्कीला थोडं जास्तच लागतं, त्यामुळे गरम टोक टर्कीसाठी, गार टोक त्यांच्यासाठी असा हिशोब ठेवा.

आणि एक, पाठीवर उलटं पडलेलं दिसलं तर लगेच सरळ करा. टर्कीची लहान पिल्लं उलटी पडली की त्यांना उठता येत नाही बऱ्याचदा, तशीच पाय झाडत राहतात. रात्री झोपण्याआधी एक चक्कर माराच.

धान्यकोठार

खाद्यावर मी बोलतो, कारण सगळ्यात जास्त पिल्लं इथे बिघडतात आणि बिघडलेलं कळतं तीन आठवड्यांनी.

कोंबडीच्या स्टार्टरमध्ये प्रथिनं साधारण २० ते २२ टक्के असतात. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास लागतात, पहिले महिना-दीड महिना तर नक्कीच. शिवाय नियासिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांतलं एक, ते टर्कीला कोंबडीच्या जवळपास दुप्पट लागतं. ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. म्हणून टर्की स्टार्टर किंवा गेम बर्ड स्टार्टर शोधा. ते कोंबडीच्या पिल्लांनी खाल्लं तरी काही दिवस बिघडत नाही, उलट मात्र चालत नाही, त्यामुळे एकत्र आहेत तोवर सगळ्यांनाच टर्कीचं द्या. अगदीच मिळेपर्यंत उकडलेलं अंडं रोज कुस्करून आणि ब्रुअर्स यीस्टची पूड खाद्यावर टाकून भागवा, यीस्टमध्ये नियासिन चांगलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पिशवीवरचं लेबल वाचा. कोंबडीच्या बऱ्याच खाद्यांत रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध मिसळलेलं असतं. त्यातलं सॅलिनोमायसिन आणि नरासिन ही दोन टर्कीला विषारी आहेत, कोंबडीला ज्या मात्रेत काही होत नाही त्या मात्रेत टर्कीचे पाय लुळे पडून ती मरू शकते. ही नावं लेबलवर दिसली तर ते खाद्य टर्कीसमोर ठेवायचंच नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्यही पिल्लाला नको, त्यात कॅल्शियम इतकं असतं की कोवळी मूत्रपिंडं खराब होतात.

हिरवं आवडतं त्यांना, बारीक चिरून थोडं द्या, पण हिरवं सुरू केलं की सोबत बारीक खडी पण ठेवा, नाहीतर पोटात दळणार कशाने. लांब गवताच्या काड्या नको, अन्नपिशवीत गुंता होऊन अडकतात.

मोकळं रान

इतकं काही घाबरायची गरज नाही हो. कोंबड्यांसोबत वाढवा, कोंबडीच्या खुराड्यात मोठी झालेली टर्की मी बघितलीये, कोंबड्यांच्या मागे मागे फिरायची, छान जगली. एखादी खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखालीच सरकवा रात्री, ती आपोआप सगळं शिकवेल, बल्बही नको आणि गोट्याही नको. आपण फार लाड करतो.

मुकी जनावरं

मी पशुवैद्यक शिकलेली आहे आणि वरच्या सल्ल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोकळं रान यांनी बघितलेली टर्की जगली असेल, मी खोटं म्हणत नाही, काही जमिनी स्वच्छ असतात. पण ते कळायचा मार्ग म्हणजे टर्की मरेपर्यंत वाट बघणं, आणि हे पिल्लू यांना शेवटपर्यंत पाळायचंय.

ब्लॅकहेड नावाचा आजार आहे. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव आतड्याच्या टोकाच्या पिशव्यांत आणि यकृतात शिरतो. तो कोंबडीच्या पोटातल्या एका बारीक जंताच्या अंड्यात लपून राहतो. कोंबडीला बहुतेक वेळा काहीही दिसत नाही, ती धडधाकट असते, अंडी देते, आणि शीतून जंताची अंडी मातीत टाकत राहते. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळांच्या अंगातही साठतात, आणि टर्की गांडूळ मोठ्या आवडीने खाते. कोंबड्या काढून टाकल्या, खुराडं धुतलं, तरी जमीन तशीच राहते. टर्कीला लागण झाली की पंख गळतात, खाणं सुटतं, डोळे मिटून उभी राहते, आणि शी गंधकासारखी पिवळी धमक होते. डोकं काळं पडतं असं नावावरून वाटतं पण प्रत्येकीचं पडत नाही, त्याची वाट बघू नये. कळपात शिरला तर बहुतेक टर्की जाऊ शकतात. आणि औषधाचं म्हणाल तर हाती फारसं काही उरलेलं नाही, अमेरिकेत नायटार्सोन वापरायचे, ते आर्सेनिकचं असल्यामुळे २०१५च्या शेवटी बंद झालं, युरोपातही जुनी औषधं खाण्याच्या जनावरांसाठी बंदच आहेत.

म्हणून खुडूक कोंबडीखाली सरकवणं, म्हणजे जी कोंबडी मातीत फिरलेली आहे तिच्या शीत पिल्लू ठेवणं, ते मी तरी करू देणार नाही. ऊब मिळेल, प्रेम मिळेल, आणि सोबत जंतही मिळतील.

पण चिवचिव ताई, तुमच्या पेटीतल्या पिल्लांना लगेच वेगळं करू नका. ती हॅचरीतून थेट पेटीत आलीयेत, मातीला पाय लागलेला नाही, जंत मातीतून येतो. आत्ता त्यांची सोबत टर्कीला खाणं शिकवतेय ती फार मोलाची आहे. फक्त तुमच्या अंगणात आधीपासून मोठ्या कोंबड्या आहेत का? असतील तर त्यांच्याकडून आल्यावर चप्पल बदला, हात धुवा, त्यांची भांडी पेटीत आणू नका. आणि कोंबडीची पिल्लं एकदा बाहेर मातीत जायला लागली की परत टर्कीच्या पेटीत आणायची नाहीत.

मोकळं रान

गांडुळाचं मला माहीत नव्हतं. जमिनीत वर्षानुवर्षं टिकत असेल तर मग वेगळं ठेवलेलं बरं. जिथे कधीच कोंबड्या फिरल्या नाहीत असा कोपरा काढता येईल का ताई तुम्हाला?

चिवचिव अंगण

मोठ्या कोंबड्या आहेत, घराच्या मागच्या बाजूला. पुढच्या अंगणात मात्र त्या कधी येत नाहीत, मध्ये जाळी आहे, तिथे फुलझाडं लावलीत त्यामुळे येऊच देत नाही. म्हणजे टर्कीसाठी पुढचं अंगण ठेवते. चप्पल वेगळी करते आजपासून.

बातमी चांगली आहे, पिल्लू खायला लागलं, आता तर बाकीच्यांना ढकलून खातंय. टर्कीचं खाद्य मागवलंय, तोवर अंडं आणि यीस्ट चालू.

पण आज एका पायाची बोटं आतल्या बाजूला वळल्यासारखी वाटतायत, मूठ केल्यासारखी. चालतं, पण त्या पायावर थोडं लंगडतं. घोटा सुजलेला नाही. हे नियासिनचंच का? नवीन फोटो टाकलाय. आणि मुलीने त्याला इतकं लळा लावलाय की ती खोलीबाहेर गेली की ते जिवाच्या आकांताने ओरडतं, हे बरं की वाईट तेही सांगा.

मुकी जनावरं

बोटं आत वळणं हे जास्त करून रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ कमी पडल्याचं लक्षण असतं, नियासिनपेक्षा. पेटी थंड असली तरी होतं. सगळी ब जीवनसत्त्वं असलेलं, पक्ष्यांसाठीचं पाण्यात टाकायचं मिश्रण पशुवैद्यांकडून घ्या, मात्रा पाकिटावरची, आणि पाणी रोज बदला, त्यात जंतू पटकन वाढतात. सोबत बोटांना आधार द्या. पुठ्ठ्याचा पायाच्या आकाराचा छोटा तुकडा कापा, बोटं एक एक करून त्यावर सरळ पसरवा आणि त्वचेला न ओढणाऱ्या मऊ चिकटपट्टीने बसवा, चप्पल घातल्यासारखं दिसेल. रोज काढून बघा, सूज आहे का, पट्टी घट्ट होतेय का. कोवळी हाडं असतात तोवर लवकर सरळ होतात, उशीर केला तर मग तशीच राहतात.

घोटा सुजला, पाय बाजूला वळला, किंवा घोट्याच्या मागची शीर जागेवरून सरकून कडेला गेलेली हाताला लागली, तर ते वेगळं, त्यात मँगनीज आणि कोलीन कमी पडलेलं असू शकतं. ते घरी ओढाताण करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

खुराड्याची किल्ली

लळ्याचं मी सांगते, कारण हे लोक गोड वाटतं म्हणून सोडून देतात.

एकटी, फक्त माणसात वाढलेली टर्की माणसालाच आपला कळप समजते. मादी असेल तर फार त्रास नाही, मागे मागे फिरेल, मांडीवर बसेल, पाठीवरून हात फिरवला की खाली बसून राहील. नर असेल तर साधारण पहिल्या वर्षाच्या शेवटी, वयात आल्यावर, तो घरातल्या कुणाला तरी प्रतिस्पर्धी ठरवतो. बहुधा लहान मूल किंवा घाबरून मागे सरकणारा माणूस. मग उड्या, नख्या, चोच. ब्राँझचा नर दहा-बारा किलोच्या पुढे जाऊ शकतो, मांसासाठी पैदास केलेला रुंद छातीचा तर वीस किलोच्या घरात. तुमच्या मुलीच्या उंचीला त्याची चोच डोळ्यापर्यंत येते हे लक्षात घ्या.

उपाय आत्ताच आहे, नंतर नाही. त्याला टर्कीची सोबत द्या. शक्यतो याच वयाची अजून एक-दोन पिल्लं. टर्की कळपाची जात आहे, एकटी राहिली की ओरडून ओरडून खंगते, तुम्ही आत्ता जे ऐकताय ना खोलीबाहेर गेल्यावर, तोच आवाज. मुलीला म्हणावं जवळ बस, हातावर दाणे दे, पण दिवसभर उचलून फिरवू नको, आणि खेळताना चोच मारली तर हसून सोडून देऊ नको. उचलताना वरून झडप घालून नको, वरून येणारी सावली म्हणजे घार असं त्यांच्या रक्तात आहे. बाजूने हात खाली घालून, छातीखाली आधार देऊन उचलायचं.

मोठा नर छाती काढून आला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही आणि लाथही मारायची नाही, मारलं की तो झुंज समजतो. त्याच्याकडे सावकाश चालत जायचं, पाठीवर हात ठेवून त्याला पुढे चालायला लावायचं जोवर मान खाली घालून बाजूला होत नाही. मुलांना एकट्याने त्याच्याजवळ सोडायचं नाही.

पंखपिसारा

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त ताईंनी घाबरून जाऊ नये म्हणून चांगली बाजू पण लिहितो. वाढलेला नर समोर फुलतो ते जवळून एकदा बघाच. आधी थबकतो. मग सगळी पिसं एकदम उभी राहून अंग दुप्पट होतं, शेपटीचा पंखा उघडतो, पंखांची टोकं जमिनीला घासत खर्र खर्र आवाज करत तो अर्धं वळण घेतो, आणि छातीतून एक खोल धम्म निघतो जो कानापेक्षा आपल्या बरगड्यांत जास्त जाणवतो. एरवी चोचीच्या वर आखडून बसलेला स्नूड तेव्हा लांब होऊन चोचीच्या खालपर्यंत लोंबतो. डोक्याचा रंग तर बघता बघता बदलतो, लाल होतं, निळं होतं, माथा पांढरा पडतो, त्वचेतलं रक्त कमी-जास्त झालं की रंग बदलतो. रंगावरून त्याचा मूड ओळखता येतो हळूहळू.

आणि आवाजाची तयारी ठेवा. गाडीचा हॉर्न, दार आपटलं, कुणी मोठ्याने हसलं, की नर गडगड करून उत्तर देणारच. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, आणि पाळीव पक्ष्यांबद्दल तुमच्या स्थानिक प्रशासनाचे काय नियम आहेत ते विचारून घ्या.

जात कळली तर तेही बघा. रुंद छातीची निघाली तर तिचं वजन पायांना आणि हृदयाला पेलत नाही, वाढीचं वय सरलं की खाद्य मोजून आणि कमी प्रथिनांचं द्यावं लागतं, बसायची दांडी अगदी खाली ठेवावी लागते, आणि तरी आयुष्य थोडकंच असतं. जुन्या जातीची असेल तर नीट सांभाळली की दहाएक वर्षं जगू शकते. ती उडतेही चांगली, रात्री झाडावर जाऊन बसेल. कुंपण उंच ठेवा किंवा एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसं कापा, दोन्ही बाजूंची कापली तर तोल राहतो आणि थोडं उडते. पिसं झडून नवीन आली की परत कापावी लागतात. पण कोवळी, आत रक्त असलेली निळसर देठाची पिसं कधी कापायची नाहीत.

चिवचिव अंगण

पुठ्ठ्याची चप्पल घातली, आधी उड्या मारल्या मग विसरलं. बोटं बरीच सरळ वाटतायत. मुलीला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते मग त्याला भाऊ आणू. दोन पिल्लं मिळतायत, एक हॅचरीतून, वय साधारण हेच. आणि एक जण थोडं मोठं पिल्लू असंच द्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे कोंबड्यांसोबत मोकळं फिरणारं आहे. दोन्ही घेऊ का? आणि पुढच्या अंगणात कधीपासून सोडू?

मुकी जनावरं

हॅचरीचं पिल्लू घ्या, आणि तिथे मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस दिलीये का आणि पुढची कधी द्यायची ते विचारून घ्या. टर्कीलाही तो आजार होतो. तरतरीत असेल, नाक-डोळे कोरडे असतील, मागचा भाग शीने माखलेला नसेल तर त्याच पेटीत सोडा. पहिल्या रात्री लक्ष ठेवा, टोचाटोची झाली तर मध्ये जाळी लावून ठेवा, दिसत राहतील पण लागणार नाही.

दुसरं, कोंबड्यांसोबत फिरलेलं, ते मी घेणार नाही. घ्यायचंच असेल तुमच्या मनात तर वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, किमान चार आठवडे, शीची तपासणी करून, पशुवैद्यांनी जंताचं औषध दिल्यावरच. आणि त्याला आधी पुढच्या अंगणात पाय ठेवू देऊ नका, नाहीतर जी एक स्वच्छ जागा आहे तीही जाईल.

धान्यकोठार

बाहेर सोडायचं म्हणाल तर पिसं पूर्ण भरल्यावर, म्हणजे आठ आठवड्यांच्या पुढे. त्याआधी ऊन छान असेल, वारा नसेल, जमीन कोरडी असेल तर थोडा वेळ जाळीच्या पिंजऱ्यात चालेल. दव वाळू द्या आधी. लव पाणी अडवत नाही, ओलं गवतसुद्धा त्यांना गार पाडायला पुरतं.

सोडण्याआधी ते अंगण हाताने चाचपून घ्या. खिळे, तारेचे तुकडे, काचा, दोरा, रबरबँड, चमकणारं काहीही टर्की गिळते, आणि तार पोटातून आरपार जाते. फुलझाडं आहेत म्हणालात, कण्हेर असेल तर काढा किंवा जाळीने बंद करा, ती विषारी आहे. रात्री मात्र बंद खोपटंच हवं, बारीक जाळीचं, खालून उकरता येणार नाही असं, कारण उंदीर आणि मांजर या वयाच्या पिल्लाला सहज नेतात.

चिवचिव अंगण

कण्हेर आहे, पिवळी, कोपऱ्यात. उद्याच मुळासकट काढतो. हॅचरीचंच पिल्लू घेतोय, दुसऱ्यांना नाही सांगितलं. ते बारीक जाळीचं म्हणता त्याची भोकं किती ठेवू?

धान्यकोठार

अर्धा इंच, आणि वेल्डिंगची जाळी घ्या, कोंबडीची षटकोनी पातळ जाळी कुत्रा दातांनी फाडतो. खाली फूटभर जमिनीत गाडा नाहीतर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून त्यावर दगड ठेवा.